क्वेन्काचे चार दिवस आणि एक खोटी शाल

पहिला दिवस, शुक्रवार

इक्वेडोरची राजधानी क्विटो, तिथून क्वेन्का विमानाने तासाभराच्या आत येतं. आम्ही तिघं वेळेवर उतरलो. माझी बॅग दुसऱ्या दिवशी रात्री उतरली. स्वेटर, शाल, कानटोपी, सगळं गरम सामान त्या बॅगेत. "हातात ठेवायचं होतं ना," असं यांना म्हणावं, तर बॅग माझी, आणि ती विमानाच्या पोटात टाकायचा आग्रहही माझाच. गप्प बसले.

मूळ बेत माचू पिचूचा होता. लेक ह्यूस्टनला असते, तिच्याकडे तीन महिने राहायला गेलो होतो, आणि ओळखीचे सगळे तिकडेच जाऊन आलेले. पण लेकीने इक्वेडोर काढलं. दक्षिण इक्वेडोरमधलं क्वेन्का, स्पॅनिश काळातलं जुनं शहर, आजूबाजूची दोन-तीन गावं, चार दिवस, सोबत गाइड आणि गाडी. मी फारसं ऐकत नव्हते. मग ती म्हणाली, "आई, तिथे इकत विणतात," म्हणजे धागा आधी रंगवून मग विणलेलं कापड. तेवढ्यावर मी तयार झाले.

याचं कारण सांगायला हवं. मी इचलकरंजीची. वडिलांचे चार यंत्रमाग होते, त्याआधी आजोबांचे हातमाग. शाळेतून आल्यावर कांड्या भरणं हे आम्हा भावंडांचं काम. मागाची खटखट थांबली की झोपेतून जाग यायची, अशा घरात वाढलेय. त्यामुळे कुठेही गेले तरी देऊळ बघायच्या आधी हात कापडाकडे जातो.

विमानतळावर गाइडबाई उभ्या होत्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, इंग्रजी स्वच्छ, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटाला एक हेल. क्वेन्काची माणसं गात बोलतात अशी सगळ्या इक्वेडोरमध्ये त्यांची थट्टा होते, हे त्यांनीच सांगितलं. मला सासरची कोकणातली मंडळी आठवली.

हॉटेलची खोली दुपारशिवाय मिळणार नव्हती, म्हणून त्या आम्हाला थेट बाजारात घेऊन गेल्या. बाजाराचं नाव 'दहा ऑगस्ट'. क्विटोत १८०९ साली स्वातंत्र्याचा पहिला उठाव झाला त्या तारखेचं. खाली भाजीपाला, वर खाणावळी. बटाट्याचे इतके प्रकार की 'बटाटा' हा आपला एकच शब्द तोकडा वाटावा. अर्थात त्याचं घरच हे, अँडीज पर्वत. विक्रेत्या बायका हाका मारत होत्या, "कासेरिता! कासेरिता!" म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक. आयुष्यात पहिल्यांदा आलेल्या माणसालाही तेच. तुळशीबागेतल्या 'या ताई, बघा तरी' सारखंच.

बाजाराच्या एका कोपऱ्यात बायका पाल्याच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या आणि समोर रांग. रांगेत तान्ही मुलं जास्त. गाइडबाई म्हणाल्या, मंगळवारी आणि शुक्रवारी इथे 'लिंपिया' करतात, म्हणजे अंगावरून वाईट काढून टाकतात. मी जवळ गेले आणि वासानेच ओळखलं: सताप! आमच्या परसात होता तो. बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात आजी त्याची डहाळी टाकायची. इथे त्याला 'रूदा' म्हणतात.

मला बसवलंच. म्हातारीने जुडी डोक्यापासून पायापर्यंत सपासप मारली, मग अख्खं अंडं कपाळावरून, खांद्यांवरून, पोटावरून फिरवलं आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत फोडून उजेडात धरलं. बलकाभोवती पांढऱ्या तारा दिसत होत्या. "नजर," ती म्हणाली. "आणि काळजी." मग तोंडात दारूची गुळणी घेऊन फुर्र करून माझ्या पाठीवर उडवली. एवढं सोडलं, तर बाकी सगळं मीठ-मोहरी-मिरच्यांच्याच घरातलं. आपण मिरच्या जाळून ठसका येतो का बघतो, त्या अंडं फोडून बघतात. बॅग हरवल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण विमानतळावरून आलेल्या साठीच्या बाईला काळजी असणारच, हे सांगायला अंडं कशाला हवं, असं हे म्हणाले. पाच डॉलर दिले. इथे २००० सालापासून अमेरिकी डॉलरच चालतो.

बाहेर आलो तर बारा वाजून गेले होते आणि आमच्या सावल्या नव्हत्या. म्हणजे होत्या, पायाखाली, चपलांएवढ्या. क्वेन्का विषुववृत्ताच्या दक्षिणेला तीन अंशांहून थोडं कमी, आणि आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलेलो. पुण्यात मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा हे गच्चीवर काठी उभी करतात. इथे आयतीच मिळाली म्हणून खूश झाले आणि फुटपाथवर पाण्याची बाटली उभी करून फोटो काढत बसले.

सूर्य डोक्यावर, तरी सावलीत गेलं की गारठा. शहर अडीच हजार मीटरच्या वर आहे, कळसूबाईच्या दीडपटीहून जास्त. संध्याकाळी सहाला अंधार पडला आणि माझे दात वाजायला लागले. शेवटी चौकाजवळच्या एका दुकानात शाल घेतली. लाल-काळी, इकतसारखी नक्षी, बारा डॉलर. हात लावताक्षणीच कळलं की ती यंत्रावरची आहे आणि नक्षी छापलेली आहे: एका बाजूला ठळक, उलट्या बाजूला फिकी. दुकानदार म्हणाला, "हाताने विणलेली, सेन्योरा." मी मान डोलावली. थंडीपुढे कोण वाद घालणार.

दुसरा दिवस, शनिवार

आज शहर. गाइडबाईंनी चौकात उभं करून इतिहास सांगितला. माझ्या लक्षात राहिला तेवढा सांगते. इथे आधी कान्यारी लोक होते, त्यांच्या गावाचं नाव ग्वापोंदेलिग. पंधराव्या शतकात इंका आले, त्यांनी तोमेबांबा वसवलं, आणि वायना कापाक हा त्यांचा मोठा राजा इथेच जन्मला असं मानतात. त्याच्या मागे वास्कार आणि आतावाल्पा या दोन मुलांमध्ये गादीसाठी युद्ध पेटलं, त्यात आतावाल्पाने शहर बेचिराख केलं आणि कान्यारींची कत्तल केली. स्पॅनिश आले तेव्हा इथे पडकं शहर होतं. १२ एप्रिल १५५७ रोजी हिल रामिरेस दावालोस याने नवं शहर आखलं आणि त्याला लिमाच्या व्हाइसरॉयच्या स्पेनमधल्या गावाचं नाव दिलं, क्वेन्का. साहेबाच्या गावाचं नाव दिलं की साहेब खूश, ही रीत जुनीच दिसते.

चौकाच्या दोन बाजूंना दोन कॅथेड्रल. जुनं बुटकं, पांढरं. पायाला इंकांचे घडीव दगड. शहरभर असंच आहे. पडक्या राजवाड्याचे दगड उचलून नवी घरं बांधली. तोदोस सांतोसच्या चर्चजवळ एका खड्ड्यात तिन्ही काळ एकाखाली एक उघडे ठेवलेत: कान्यारी, इंका, आणि वर स्पॅनिश पिठाची चक्की. इंकांच्या भिंतीतले कोनाडे पाहून मला उगीच पणत्या ठेवाव्याशा वाटल्या. त्याच भागात अजून लाकडाच्या भट्टीतला पाव मिळतो. आम्ही गरम पाव हातात घेऊन तो खड्डा पाहिला.

नवं कॅथेड्रल मात्र अवाढव्य. काम सुरू झालं १८८५ साली, आराखडा एका जर्मन धर्मबंधूचा, श्टीले नावाच्या. तीन निळे घुमट शहरात कुठूनही दिसतात. त्यांच्या फरशा थेट चेकोस्लोव्हाकियाहून आणलेल्या. पण समोरचे दोन मनोरे मधेच कापल्यासारखे थांबतात. गणित चुकलं, पूर्ण उंचीचं वजन पायाला पेललं नसतं, म्हणून सोडून दिले असं सांगतात. यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. ते मनोऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चूक कळल्यावर थांबला, हे काय कमी आहे? आमच्याकडे तर..." पुढचं मी लिहीत नाही, पेन्शन चालू आहे.

त्यांचा खरा दिवस मात्र जुन्या कॅथेड्रलमध्ये उजाडला. १७३६ साली फ्रान्समधून शास्त्रज्ञांची एक तुकडी इथे आली: ला कोंदामीन, बूगेर, गोदँ, आणि सोबत दोन स्पॅनिश नौदल अधिकारी. पृथ्वी ध्रुवांशी चपटी की लांबट, हा तेव्हाचा वाद. न्यूटन म्हणे चपटी. उत्तर काढायचं तर विषुववृत्ताजवळ एक अंश जमिनीवर किती लांब भरतो ते मोजायचं, आणि उत्तर ध्रुवाकडच्या लॅपलंडमध्ये मोजलेल्या अंशाशी ताडून बघायचं. क्विटोजवळच्या पठारापासून क्वेन्काच्या दक्षिणेला तार्कीच्या मैदानापर्यंत, डोंगरामागून डोंगर त्रिकोणांची साखळी टाकत ते आले, तीन अंशांहून अधिक अंतर. क्वेन्कात या चर्चचा मनोरा त्यांच्या खुणेचा बिंदू होता. अंश इथे लहान भरला. न्यूटन बरोबर निघाला.

हे ऐकून यांना जे स्फुरण चढलं! थिओडोलाइट, म्हणजे मोजणीची दुर्बीण, खांद्यावर घेऊन निम्मी नोकरी डोंगरात काढलेला माणूस. लॅम्बटनने १८०२ साली मद्रासहून भारताची त्रिकोण मोजणी सुरू केली, त्याची सगळी कथा त्यांनी गाइडबाईंना उभ्या उभ्या ऐकवली. बाई ऐकत होत्या आणि लेक माझ्याकडे बघत होती. शेवटी बाईंनीच एक गोष्ट काढून त्यांना थांबवलं: त्या तुकडीतला सेनियेर्ग नावाचा शल्यवैद्य १७३९ साली इथल्याच सान सेबास्तियान चौकात, बैलांच्या झुंजीच्या वेळी, जमावाच्या हातून मारला गेला. एका स्थानिक प्रेमप्रकरणात त्याने नाक खुपसलं होतं. पृथ्वीचा आकार मोजायला आलेला माणूस.

दुपारी कॅथेड्रलशेजारचा फुलबाजार. त्याला लागून कार्मेलाइट जोगिणींचा मठ. त्या बाहेर येत नाहीत, चेहरा दाखवत नाहीत. भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट आहे. आपण पैसे ठेवायचे, कपाट फिरतं, आणि आपल्याकडे बाटली येते. लेकीने 'आग्वा दे पीतिमास' घेतलं, फुलापानांचा अर्क, जिवाची घालमेल शांत करायला. आतून फक्त एक आवाज आला, तरुण होता. इतका तरुण असेल असं वाटलं नव्हतं.

मग नदीकाठ. तोमेबांबा नदी शहराला दोन पातळ्यांवर कापते. वरच्या कड्यावर जुनं शहर, आणि कड्याला लोंबकळल्यासारखी घरं. रस्त्यावरून दोन मजली दिसणारं घर नदीकडून चार मजली निघतं. भिंती कुडाच्या, म्हणजे काठ्यांची चौकट आणि वर माती, अगदी आपल्यासारख्या. पण दर्शनी भाग फ्रेंच धाटणीचा, नक्षीदार गच्च्या, आत पत्र्याची ठसेदार छतं. १९५० च्या पुरात मोडलेला एक दगडी पूल तसाच अर्धा उभा आहे. त्याच्या कमानींखाली मुलं गिटार वाजवत बसली होती.

एवढं फ्रेंच नटणं या डोंगरात कुठून आलं, असं मी विचारलं. "टोप्यांतून," गाइडबाई म्हणाल्या. "क्विनीनच्या सिंकोनाची सालही होती. पण टोप्या जास्त." पनामा हॅट म्हणून जग जिला ओळखतं ती टोपी इक्वेडोरची. पनामाच्या संयोगभूमीतून ती परदेशी जायची, कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे धावणारे लोक १८४९ च्या सुमारास ती तिथे विकत घ्यायचे, म्हणून नाव पनामाचं. १९०६ साली थिओडोर रूझवेल्ट कालव्याचं काम बघायला गेले, पांढऱ्या टोपीतला त्यांचा फोटो छापून आला, आणि ते नाव पक्कंच झालं. टोप्या गावोगावच्या बायका विणत. ही घरं ज्यांची, ते टोप्या विकत.

मी कठड्याला टेकून ती घरं पुन्हा एकदा बघितली. इचलकरंजीतही बंगले सूत विकणाऱ्यांचे होते.

पुमापुंगोच्या संग्रहालयात संध्याकाळ गेली. मागे इंकांच्या राजवाड्याचे पाये आणि उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, त्यात लामा चरताहेत. वरच्या मजल्यावर ॲमेझॉनच्या जंगलातल्या शुआर लोकांनी आटवलेली माणसांची डोकी, मुठीएवढी. लेक बघून आली. मी नाही बघितली.

रात्री बॅग आली.

तिसरा दिवस, रविवार

बॅग आली होती, तरी सकाळी मी तीच बारा डॉलरची शाल पांघरली, कारण वर होती. या आळसाची फळं पुढे मिळाली.

रविवार हा गावांचा बाजारदिवस. क्वेन्काहून पूर्वेला तासाभरात ग्वालासेओ. रस्त्याच्या कडेला लांब दांड्यांवर काहीतरी भाजत होते. लेक म्हणाली, आई, उजवीकडे बघू नको. मी अर्थातच बघितलं. गिनिपिग होते, इथे 'कुइ' म्हणतात, अख्खेच, दातांसकट. इथल्या घराघरांत ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाळतात आणि पाहुणा आला की कापतात. आपल्याकडची कोंबडी. असं स्वतःला समजावलं, पण ते दात काही डोळ्यांपुढून जाईनात.

ग्वालासेओच्या अलीकडेच बुल्काय नावाची वस्ती लागते आणि तिथे मी ज्यासाठी आले होते ते घर. अंगणात कोंबड्या, भिंतीला लागून रांगेने टांगलेल्या रंगीत सुताच्या लडी, आणि एक जोडपं: नवरा विणतो, बायको गाठी मारते. या शालीला 'मकाना' म्हणतात. क्वेन्काकडच्या गावांतल्या बायका, ज्यांना 'चोला क्वेन्काना' म्हणतात, त्यांच्या पोशाखाचा हा भाग: घेरदार पोयेरा घागरा, दोन वेण्या, डोक्यावर पांढरी टोपी आणि अंगावर मकाना. तिच्यात बाळही बांधतात, बाजारही.

इकत म्हणजे विणण्याआधीच धागा रंगवायचा, हे आपल्याला पटोळ्यामुळे माहीत असतं. पाटणच्या पटोळ्यात उभा-आडवा दोन्ही धागे गाठी मारून रंगवतात, इथे फक्त ताणा, म्हणजे उभा. गाठी मारायला दोरा घेतात काबुया नावाच्या घायपाताचा. ताण्याचे धागे दोन खुंट्यांमध्ये ताणून बाई नक्षीनुसार थोडे थोडे धागे उचलते, त्याभोवती काबुया गुंडाळते, दातांनी ओढून गाठ आवळते. कागद नाही, खूण नाही. मग सगळा ताणा रंगात बुडवायचा. गाठीखालचा धागा कोरा राहतो. सुकल्यावर गाठी सोडायच्या, आणि नक्षी धाग्यातच असते, विणकर ती फक्त जागेवर आणतो. धागे केसभर तरी सरकतातच, म्हणून कडा पिसासारख्या धूसर दिसतात. ती धूसरता म्हणजे इकतची सही.

तिने विचारलं, एका शालीला किती गाठी, सांगा. मी शंभर म्हणाले. ती नवऱ्याकडे बघून हसली. मोजत नाही कुणी, म्हणाली, पण आठवडा जातो.

रंगाचं प्रात्यक्षिक झालं. निवडुंगाच्या फड्यावर पिठूळ पांढरा बुरा असतो, तो खरवडून तिने तळहातावर चिरडला: रक्तासारखा लाल. कोचिनीयाचा किडा. त्यावर लिंबू पिळलं, तो शेंदरी झाला. राख टाकली, जांभळा. आपल्याकडच्या बांधावरचा फड्या निवडुंग मुळात अमेरिकेतलाच, आणि याच रंगाच्या लोभाने कंपनी सरकारने हा किडा भारतात रुजवायचा खटाटोप केला होता. अक्रोडाच्या पानांचा तपकिरी, निळीचा निळा.

नवरा मागावर बसला. माग म्हणजे काय, चार-पाच काठ्या! एक टोक खांबाला, दुसरं टोक कमरेमागच्या चामडी पट्ट्याला. माणूस मागे झुकला की ताणा ताठ होतो, पुढे वाकला की सैल. त्याचं अंग हाच अर्धा माग. मी इतकी वर्षं माग बघितले, पण माणूसच बीम झालेला पहिल्यांदा बघितला. मला बसायला दिलं. पट्टा कमरेला लागला आणि दोन मिनिटांत कळलं की पाठीचं काय होत असेल. बाणा, म्हणजे आडवा धागा, टाकला, फळी ठोकली, चुकली. पण दुसऱ्या फेरीला हाताला काहीतरी आठवलं, आणि तो म्हणाला, "सेन्योरा विणकर आहे."

लेकीने भाषांतर करून सांगितलं की हिच्या वडिलांचे माग होते, पण वीजेवरचे. तो 'आ' करून गप्प झाला. तेवढ्यात त्याच्या बायकोने माझ्या खांद्यावरच्या शालीचं टोक उचललं, उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. काही बोलली नाही. टोक नीट घडी घालून परत खांद्यावर ठेवलं, जसं आपण दुसऱ्याच्या मुलाचं नाक पुसतो तसं.

मला इतकं ओशाळायला झालं की मी भराभर बोलायलाच लागले, मराठीत. की मला कळलं होतं, मी उलट बाजू बघितली होती, थंडी होती, बॅग हरवली होती. लेकीने त्यातलं काय सांगितलं माहीत नाही. मी सांगायला हवं होतं ते वेगळंच. आजोबांचे हातमाग बंद पडले ते आमच्याच मागांमुळे. हातमागावर एक लुगडं निघायचं तेवढ्यात वडिलांचे चार माग गठ्ठा काढायचे. त्या गठ्ठ्यावर माझं शिक्षण झालं. म्हणजे बारा डॉलरची शाल ही माझी परकी नव्हतीच, माहेरचीच होती.

निळी-पांढरी मकाना घेतली, ऐंशी डॉलरला. भाव केला नाही. हिच्या दशाही, म्हणजे टोकाच्या झालरीही, हाताने गाठी मारून विणलेल्या आहेत, जाळीसारख्या, त्यात फुलं आणि पक्षी. ते काम आणखी तिसऱ्याच बायका करतात. निघताना तिने खुंटीवरून रंगवून सुकलेल्या धाग्यांची एक छोटी लड काढून माझ्या हातात दिली. नमुन्याची, गाठी अजून न सोडलेली.

ग्वालासेओच्या बाजारात अख्खी डुकरं भाजलेली, म्हणून यांनी नाक धरलं. आम्हा शाकाहाऱ्यांना मात्र उपास नाही घडला. 'मोते' म्हणजे साल काढून उकडलेला टपोरा पांढरा मका, आपल्या घुगऱ्यांच्या चुलत घराण्यातला. मक्याच्या, गव्हाच्या जाड पोळ्या मातीच्या तव्यावर. आणि उमिता: ओला मका वाटून, चीज घालून, मक्याच्याच पानात गुंडाळून वाफवलेला. पान सोडलं आणि वाफ तोंडावर आली, तेव्हा हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या नसत्या तरच नवल. सोबत रोसेरो नावाचं घट्टसर पेय, मका, फळं आणि दालचिनीचं. दोन पेले प्याले.

चोर्देलेग पाच-सहा किलोमीटर पुढे. सोन्याचांदीच्या दुकानांचं गाव, चांदीच्या तारेचं जाळीकाम, मोठाले 'कांदोंगा' झुमके. आपल्याकडे कटकला असं तारकाम होतं. एकोणिसाव्या शतकात इथे कान्यारींच्या थडग्यांतून ढिगाने सोनं निघालं होतं, त्यातलं बरंचसं वितळवलं गेलं. लेकीने झुमके घेतले. सलग दहा दुकानांत तेच झुमके पाहिल्यावर मला कंटाळा आला, आणि मी चौकातल्या बाकावर बसून लडीच्या गाठी चाचपत राहिले.

सिगसिग आणखी वर. इथे टोप्या. नदीजवळच्या जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत टोपी विणणाऱ्या बायकांची संस्था आहे. गवत खरं तर 'तोकिया' नावाच्या झाडाच्या कोवळ्या पानांचं, ताडासारख्या पानांचं, पण ताड नव्हे. ते किनारपट्टीवर होतं आणि इथवर डोंगर चढून येतं. पानं चिरून, उकळून, वाळवून पांढऱ्या पट्ट्या होतात. विणकाम टाळूपासून सुरू होतं आणि फिरत फिरत खाली येतं. बोटं ओली लागतात, कोरडं गवत तुटतं, म्हणून भर उन्हात विणत नाहीत. साधी टोपी दोन-तीन दिवसांत होते, बारीक विणीची महिने घेते. एक आजी आमच्याशी बोलताना, पाणी आणायला जाताना, लेकीच्या फोटोसाठी उभी असताना विणतच होती. नजर एकदाही टोपीकडे गेली नाही. हे विणकाम २०१२ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. मी विचारलं, त्याने काय फरक पडला? आजी म्हणाली, "फोटो काढायला जास्त लोक येतात." मग थोडं थांबून, "संस्था झाल्यापासून दलाल येत नाही, हा फरक."

परतीच्या वाटेवर पाऊस लागला. गाडीत सगळे झोपले. मी नवी मकाना पांघरली होती आणि जुनी शाल मांडीवर होती, पाय झाकायला. ऊब म्हणाल तर तिचीच जास्त होती.

चौथा दिवस, सोमवार

सकाळी तूरीच्या टेकडीवरून शहर बघितलं: कौलांचा लाल समुद्र, त्यात तीन निळे घुमट. दहा मिनिटांत ढग आले आणि सगळं पुसलं गेलं.

मग टोप्यांचा कारखाना. गावांतून आलेल्या टोप्यांच्या कडांना गवताचे सुटे केस लटकत असतात. इथे कडा आवळतात, टोपी धुतात, गंधकाच्या धुरीत पांढरी करतात, गरम साच्यात दाबून आकार देतात. बायकांनी विणलेली लोंबती घंटा आत जाते आणि साहेबाची टोपी बाहेर येते. यांनी एक घेतली, पंचेचाळीस डॉलरला, आणि आरशासमोर उभे राहिले. "रूझवेल्ट दिसतोय का?" मी म्हटलं, "तलाठी दिसताय." पण घातली ती घातलीच. गाइडबाईंनी त्यांना आतली वीण दाखवली, टाळूच्या मधोमध बोटभर गोल, जिथून ती कुणीतरी सुरू केली होती. तिथे नाव वगैरे काही नसतं. पट्टीवर कारखान्याचं असतं.

विमानतळावर गाइडबाईंनी मला मिठी मारली आणि खांद्यावरची मकाना सारखी केली. बारा डॉलरची शाल मी त्यांना देऊ केली, गाडीत पाय झाकायला राहू दे म्हणून. त्यांनी उलटी बाजू बघितली, हसल्या आणि घेतली.

विमानात खिडकीशी बसून ती लड काढली. काबुयाची गाठ नखाने सुटत नाही. पहिलीला वेळ लागला, मग युक्ती कळली: आधी पिळाच्या दिशेने आणखी थोडी आवळायची, आणि मग ती सैल होते. खाली निळ्यामध्ये पांढरा ठिपका निघाला, कोरा, कडेला किंचित ओघळलेला. क्विटो येईपर्यंत सात गाठी सुटल्या. उरलेल्या अजून तशाच आहेत, शिवणाच्या डब्यात.